बाराव्या नियमाचं पान

पोळा चार दिवसांवर आला की आमच्या गल्लीत लेई शिजायला लागते. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद. तो वास नाकात शिरला की माझी उजवी मूठ आपोआप आवळते. चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी आवळते. खाली पोरं बांबूच्या कामट्या बांधून बडग्याचा सांगाडा उभा करत असतात आणि त्यांच्यातलं एखादं जिना चढून येतं, "आजी, रद्दी हाय काय?" मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा देते आणि दार लावून घेते.

बडग्या म्हणजे आम्हा नागपूरकरांचा रागाचा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते, तिच्या मागे हे बडगे निघतात. महागाईचा, लाचखाऊ साहेबाचा, ज्याच्यावर डोकं तापलं असेल त्याचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, रस्ताभर शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळायचा. "घेऊन जाय गे मारबत" असं बोंबलत सगळी पीडा तिच्यासोबत लावून द्यायची. लोक म्हणतात, किती छान, मन मोकळं होतं. होत असेल बाप्पा. आम्ही एका वर्षी एका पुस्तकापायी बडग्या केला होता. त्या दिवशी जे रक्त सांडलं ते माझ्या हाताने सांडलं.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, इतवारीतल्या एका छापखान्यात बायंडिंगला. छापलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडायचे, जुळवायचे, दाभणाने भोकं पाडायची, शिवायचे, लेई लावायची. हात जोरात चालायचा आणि तोंड त्याहून जोरात. मालक म्हणायचे, "हे पोट्टी दाभणानं कमी आन् बोलून जास्त भोकं पाडते." मी म्हणायची, "मंग पगार दोन हाताचा द्या." हसायचे, द्यायचे काही नाहीत.

समोरच्या खिडकीशी मनोहरभाऊ बसायचे. कंपोझिटर. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लोखंडी पट्टी, आणि उजव्या हाताचा अंगठा नि पहिलं बोट खान्यांतून शिशाचे खिळे उचलतायत, एकेक अक्षर, मान न वळवता. ती दोन बोटं बघत बसावीशी वाटायची. माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे, जाड भिंगांचा चष्मा, आवाज इतका हळू की जवळ गेल्याशिवाय ऐकूच येऊ नये. अशा माणसाच्या डोक्यात एवढी कापाकापी भरलेली असेल, कोणाला खरं वाटलं असतं?

झालं असं की रद्दीत एका इंग्रजी मासिकाचं अर्धं पान त्यांच्या हाती लागलं. तिकडे अमेरिकेत लोक टेबलाभोवती बसून म्हणे एक खेळ खेळतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले गडी होतात, आणि कोण जगलं कोण मेलं ते फासे ठरवतात. पुढचं पान फाटलेलं. ते भाऊंनी आपल्या डोक्याने पुरं केलं. खेळाचं नाव ठेवलं भुयार. फाशांऐवजी सात कवड्या. आणि पुढे भांडणं नकोत म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधीच नियम छापायचे ठरवले. भांडणं नकोत म्हणून! हसावं की कपाळावर हात मारावा?

मालकांच्या परवानगीने, उरल्यासुरल्या कागदावर चाळीस प्रती. सोळा पानांचे दोन फर्मे आणि एक सुटं पान. अकरा नियम फर्म्यांत बसले, बारावा एकटा त्या सुट्या पानावर गेला. ते शेवटी लेईने चिकटवायचं होतं. ते काम माझं.

मी लेईत बोट बुडवलं, पहिलं पान उचललं आणि वाचलं. "नियम बारावा. मेलेला गडी परत येत नाही. त्याच्या नावाने दुसरा गडी घेता येत नाही."

त्याच्या पाच महिने आधी माझा धाकटा भाऊ सुधाकर खाप्याला मामाकडे गेला आणि कन्हान नदीत बुडाला. तिसऱ्या दिवशी सापडला. आई म्हणाली पाहू नको. मी पाहिलं. मासोळ्यांनी ओठ खाल्ले होते. सतरा वर्षांचा आमचा सुध्या, कोवळ्या मिशीला दिवसातून दहा वेळा आरशात बघणारा, माझ्या ताटातला शेवटचा घास उचलून पळणारा. त्याला ओठ नव्हते.

मी बोट पुसलं. चाळीस पानांवर सुतळी बांधली आणि टेबलाखालच्या पेटीत टाकून दिली. एकही चिकटवलं नाही. ठरवून वगैरे काही केलं नाही, हातानेच केलं. वाटलं, भाऊ ओरडतील तेव्हा लावू. भाऊ ओरडले नाहीत. प्रती उचलल्या, उलटसुलट करून पाहिल्या, म्हणाले, "मस्त शिवलं वं पुष्पा."

रविवारी छापखाना बंद. भर दुपारी आम्ही सातआठजण कागदाच्या गठ्ठ्यांवर बसायचो. हातमागावर काम करणारा गजू, संत्र्याच्या आडतीतले दोघे सख्खे भाऊ, बँकेतला एक शिपाई, आणखी दोघंतिघं, आणि बाईमाणूस मी एकटी. भाऊ त्या हळू आवाजात सुरू करायचे, "मशाल विझून राहिली. डाव्या हाताले दार आहे. दारामागं कोणीतरी श्वास घेऊन राहिलं. काय करता?"

"घुसतो ना बे! कुऱ्हाड डायरेक टाळक्यात!" गजू.

कवड्या पडायच्या. भाऊ वाकून मोजायचे. "कुऱ्हाड कवटीत फसली. निघून नाही राहिली. मागून दुसरा आला."

काय सांगू! आम्ही गळे कापले, डोळे फोडले, आतडी भिंतीवर उडवली. एरवी कोंबडी कापताना तोंड फिरवणारा तो बँकेतला शिपाई "तोड, तोड त्याले" म्हणून किंचाळायचा. बाहेर कोणाच्या तोंडून शब्द निघत नसे अशी माणसं तिथे बसून मांडीवर थापा मारत खून पाडायची आणि चारला शहाण्यासारखी घरी जायची. मलाही आवडायचं. खोटं कशाला बोलू? आठवडाभर पोटात जे सडत असायचं त्याला तिथे तोंड फुटायचं.

पहिल्याच रविवारी गजूचा गडी मेला. भाला मानेतून आरपार. गजू ताडकन उभा राहिला. "पुढच्या रविवारी येतो मी परत!"

"मेलेला कसा येईल गा?" आडतीतल्या थोरल्याने विचारलं.

"काहून नाही येणार? लिवलं हाय काय कुठं? दाखवा ना भाऊ, कोन्त्या नियमात हाय?"

भाऊंची प्रत त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी शेवटपर्यंत पानं उलटली. मग बराच वेळ खालीच बघत राहिले. शेवटी मान वर करून म्हणाले, "नाही लिहिलेलं. येऊ शकते."

झालं, रीत पडली. मेलेल्याने पुढच्या रविवारी सात कवड्या टाकायच्या. एक जरी चित पडली की गडी परत. सातही पट पडायच्याच नाहीत, त्यामुळे सगळेच परत यायचे.

माझ्या गड्याचं नाव सुध्या. आता लाज वाटते, पण सांगतेच. मी त्याला मुद्दाम मरायला पाठवायची. आगीत, अस्वलाच्या पंजाखाली, सुऱ्या लावलेल्या खड्ड्यात. जगला तर नुसता जगायचा, मेला तरच परत यायचा ना! रविवारी तो चिरडला जाताना मी ओठ चावून ऐकायची आणि सोमवारपासून दाभण चालवत पुढच्या रविवारची वाट पाहायची. कवड्या पडायच्या, भाऊ म्हणायचे, "भुयाराच्या दारात सुध्या उभा आहे," गजू ओरडायचा, "आला रे आला!" आणि मला इतका आनंद व्हायचा की तोंडात पदर कोंबून बसावं लागायचं. अकरा वेळा मेला तो. पाण्याजवळ मात्र मी त्याला कधी नेलं नाही.

दोन वर्षं असं चाललं. चाळीस प्रती महाल, गांधीबाग, पार रामटेकपर्यंत पोचल्या. ठिकठिकाणी लोक खेळायला लागले, आणि सगळीकडे मेलेले परत येत होते. माझ्या टेबलाखालची पेटी कोणी उघडली नाही.

मग एका श्रावणात भाऊंनी दुसरी आवृत्ती जुळवायला घेतली. मला वाटलं, छपाईच्या चुका दुरुस्त करत असतील. शाई ओली असलेला पहिला फर्मा माझ्यापुढे आला. वर खेळाचं नाव, त्याच्या खालीच, "नियम पहिला. मेलेला गडी परत येत नाही. आजवर जे मेले, तेही मेलेच." सुटं पान या वेळी नव्हतंच. पहिल्या फर्म्याच्या पहिल्या पानावर जे आहे ते बायंडरच्या बापालाही गाळता येत नाही. म्हणजे पान मी गाळलं हे भाऊंना कळलं होतं. माझे कान तापले. लाज वाटायला हवी होती, राग आला. माझं जन्मभर तसंच आहे, लाजेच्या जागी आधी राग येऊन बसतो.

आता माझ्या भाच्याचा मुलगा मोबाईलवर दाखवतो, आत्याआजी पहा, जगभर लोक अशा खेळांच्या नव्या आवृत्त्यांवरून एकमेकांना कसे शिव्या देतात. मी म्हटलं, नुसत्या शिव्या? आमच्याकडे दात पडले होते बाबा.

खरंच पडले. जुनेवाले आणि नवेवाले असे दोन तट झाले. नवेवाले म्हणायचे, "मरायचं भेवच नाही तं खेळाले मजा काय?" जुनेवाले म्हणायचे, "मंग दोन वर्षं आम्ही खेळलो थे काय खोटं होतं?" चहाच्या टपरीवर गजूने बँकेतल्या शिपायाच्या तोंडावर गरम चहा फेकला. शिपायाने सोड्याची बाटली फोडली, गजूचा कान फाटला. आडतीतले दोघे भाऊ एका ताटात जेवणारे. थोरला नवा, धाकटा जुना. धाकट्याने थोरल्याचा पुढचा दात पाडला आणि त्यांच्या आईने दोघांच्या चुली वेगळ्या केल्या. लोक विचारायचे, अरे कशावरून? कागदावरच्या माणसांवरून? मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते, कागदावरची म्हणू नका. दोन वर्षं ज्याच्यासाठी काळीज धडधडलं त्याला कोणी एका ओळीत मारून टाकलं तर माणूस पिसाळतो. मी तर सगळ्यांत जास्त पिसाळले होते.

बडग्याची कल्पना गजूची. लेई माझी. पोळ्याच्या दिवशी लोक बैल सजवत होते आणि आम्ही गजूच्या अंगणात मनोहरभाऊंना घडवत होतो. कामट्यांचं धड, तारेचा चष्मा, हातात पुठ्ठ्याची स्टिक. छातीवर दुसऱ्या आवृत्तीची पानं फाडून चिकटवली. पाटी अडकवली, "मेलेल्याले मारणारा! घेऊन जाय गे मारबत!" दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल वाजायला लागले, गल्लीगल्लीतून माणसं इतवारीकडे लोटली. आमचा बडग्या डोक्यांवरून नाचत होता आणि लोक कोण, काय, न विचारता त्याला चपला मारत होते. मीही मारली. मग गजूच म्हणाला, "नुसता कागद काय जाळता? छापखान्यात उरलेल्या प्रती हायेत. त्याही घेऊ."

मागच्या दाराची कडी कशी निघते ते मला ठाऊक होतं.

आत भाऊ होतेच. नव्या प्रतींचा गठ्ठा माझ्या टेबलावर होता आणि ते त्याच्याजवळ उभे होते, उजवा हात गठ्ठ्यावर ठेवून. वीसपंचवीस माणसं आत घुसली. गजूने त्यांची कॉलर धरली आणि एक ठेवून दिली. चष्मा उडाला, कोणाच्या तरी पायाखाली चुरडला. "सांग! पह्यल्या आवृत्तीत कुठं होता हा नियम? होता काय? दाखव!"

चष्म्याशिवाय त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण त्यांनी मान वळवली ती बरोबर माझ्याकडे. पुष्पाने गाळला, एवढे दोन शब्द पुरले असते. तेवढ्याने सगळा जमाव माझ्यावर उलटला असता, आणि माझं काय झालं असतं ते तुम्हीच समजा.

"मीच विसरलो होतो," भाऊ म्हणाले.

गजूने पुन्हा मारलं. ओठ फुटला, हनुवटीवरून रक्त सदऱ्यावर आलं. कोणी पोटात लाथ घातली. गठ्ठ्यावरचा हात काही हलला नाही. तेव्हा मी माणसं ढकलत पुढे गेले. मला त्यांना वाचवायचं नव्हतं, मला माझं मागायचं होतं. त्यांच्या कानाशी वाकून मी म्हणाले, "भाऊ, एक सोडा. बाकी साऱ्याइचे मरू द्या. माह्या सुध्याले तेवढं सोडा."

त्यांच्या दातांवर रक्त होतं. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पुष्पा, अकरा वेळा झालं वं. परत परत तू त्याले मारून राहिली. आता जाऊ दे त्याले."

दाभण टेबलावरच होतं. माझंच, मुठीतली जागा झिजलेलं. मी उचललं आणि सगळ्या ताकदीनं खाली आणलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून ते आरपार गेलं आणि खालच्या गठ्ठ्यात रुतलं. हात पुस्तकांना खिळला होता आणि पहिल्या पानाच्या कडेने रक्त आत आत झिरपत होतं. मी मूठ सोडत नव्हते.

"अगा माय! काय केलं वं हे पुष्पे?" गजू म्हणाला, आणि तो, कान फाटला तरी मागे न हटलेला गजू, भिंतीला टेकून ओकला.

क्षणात छापखाना रिकामा झाला. बाहेर ढोल चालूच होते. आमचा बडग्या कोणीतरी पुढे नेला आणि जाळला. दवाखान्यात भाऊंनी सांगितलं की शिवता शिवता दाभण सटकलं, स्वतःच्याच हातानं लागलं. जखम भरली. पण अंगठा पुन्हा बोटाला टेकला नाही. त्या दोन बोटांत खिळा म्हणून धरता येईना. मालकांनी त्यांना प्रूफं तपासायला कोपऱ्यात बसवलं, आणि त्यांनी डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं.

भुयार बंद पडलं. जुनेवाले नाहीत, नवेवाले नाहीत. जो तो दुसऱ्याला रस्त्यात पाहून फुटपाथ बदलायचा. आमच्या खेळात भाला मानेतून गेला तरी गडी आठ दिवसांनी हसत यायचा. मी रोज सकाळी टेबलाशी बसून त्या अंगठ्याकडे बघायची, आठ दिवसांनी, आठ महिन्यांनी, तो तसाच. नऊ वर्षं आम्ही समोरासमोर बसलो. मी एकदाही माफी मागितली नाही. जमलंच नाही. एकदा चहाचा कप पुढे केला. त्यांनी डाव्या हाताने घेतला आणि म्हणाले, "साखर कमी हाय." छापखाना बंद झाला तेव्हा मी पेटीतली ती चाळीस पानं घरी घेऊन आले.

यंदा श्रावणात मनोहरभाऊ गेले. तेराव्यानंतर त्यांची मुलगी आली. "पुष्पाआत्या, बाबांनी हे तुमच्यासाठी ठेवलं होतं." वर्तमानपत्रात गुंडाळलेली पहिल्या आवृत्तीची प्रत, त्यांची स्वतःची. ती गेल्यावर मी खिडकीत बसून उघडली. माझी शिवण अजून घट्ट होती. पानं उलटत गेले, अकरावा नियम आला, पुस्तक संपायला हवं होतं. संपलं नाही. पुढे आणखी एक पान होतं.

ते छापलेल्या चाळिसांतलं नव्हतं. ते प्रूफ होतं, पिवळट पातळ कागदावर काढलेलं, समासात त्यांच्या उजव्या हाताच्या अक्षरातली दुरुस्तीची खूण. नियम बारावा. पान जरा तिरकं बसलं होतं आणि एका कोपऱ्यात लेई भसाभस झाली होती. कंपोझिटरचा हात तो, बायंडिंगचा नव्हे. प्रती त्यांच्या हातात दिल्या त्याच आठवड्यात त्यांनी ते लावलेलं असणार, कारण कोपऱ्यातल्या त्या लेईला माझ्याच डब्यातल्या मोरचुदाचा निळसर डाग होता. मोरचूद माझ्या हातून जास्त पडलं ते त्याच एका खेपेला, आणि तो डबा पहिल्या डावाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी घासून ठेवला होता. पुढची लेई महिनाभराने शिजली.

म्हणजे पहिल्या रविवारी गजूने विचारलं तेव्हा हे पान त्यांच्या मांडीवर उघडं होतं. त्यांनी ते वाचलं, आणि मग म्हणाले, नाही लिहिलेलं. त्यानंतर दोन वर्षं, अकरा वेळा, हाच नियम मांडीवर ठेवून ते मला सांगत राहिले, भुयाराच्या दारात सुध्या उभा आहे. माझ्यासाठी आणला त्यांनी त्याला. मी त्याला पुन्हा पुन्हा मारतेय हे बघवेना, तेव्हाच थांबवला. आणि मी त्यांचा हात फोडला. दुपारभर मी त्या खिडकीत मोठ्याने रडले. शेजारीण विचारायला आली, तिला म्हटलं, माझा भाऊ गेला. कोणता ते तिने विचारलं नाही.

आज सकाळी पोरगं आलं. "आजी, रद्दी?" मी कपाटातून सुतळी बांधलेली चाळीस पानं काढली आणि त्याच्या हातात दिली. "बडग्याच्या छातीवर लावजा," म्हटलं, "छापलेली बाजू वर." लेई या वर्षी मीच शिजवून दिली, मोरचूद बेताने टाकून. आता खाली पोरं एकेक पान चिकटवत आहेत. उद्या मारबत निघेल तेव्हा मी गुडघे दुखले तरी खाली उतरणार आहे आणि सगळ्यांच्या वरचढ आवाजात ओरडणार आहे. मूठ आत्ताही आवळलेली आहे. उद्या त्या आगीपुढे उघडून बघते.

जाऊ देते, भाऊ. सुध्याले जाऊ देते.